दाखला मागणारे आणि दाखला लपवणारे

मागच्या महिन्याभरात चार सिनेमे पाहिले. 'होमबाउंड', 'धडक २', 'फुले' आणि पुन्हा एकदा 'झुंड'. बहुतेक मोबाइलवर, रात्री उशिरा. परीक्षण लिहायचं नाही, ते लिहिणारे पुष्कळ आहेत. पण हे सिनेमे अंबडमध्ये बसून पाहिले की वेगळेच दिसतात. त्याबद्दल आपल्या पोरांशी बोलायचं आहे.

अंबड म्हणजे आज महाराष्ट्रातला दाखल्याचा तालुका. अंतरवाली सराटी इथलंच गाव. १ सप्टेंबर २०२३ ला तिथे लाठीमार झाला आणि कुणबी दाखल्याची मागणी राज्यभर गेली. १७ नोव्हेंबरला अंबडमध्येच ओबीसींची एल्गार सभा झाली. पुढच्या वर्षी वडीगोद्रीला त्याच वादातलं दुसऱ्या बाजूचं उपोषण. मग २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय. दोन-अडीच वर्षं इथल्या प्रत्येक टपरीवर एकच विषय: नोंद सापडली का? मोडीतली जुनी कागदं, पणजोबाचं नाव, त्यापुढे 'कु' लिहिलंय की नाही. कोरडवाहू शेती करणाऱ्या मराठ्याची अडचण खरी आहे, त्यावर माझा वाद नाही.

पण हे सगळं कानावर असताना 'होमबाउंड' बघा. त्यातला चंदन पोलीस भरतीचा फॉर्म भरतो आणि जनरलमधून भरतो. हक्काची राखीव जागा आहे, तरी ती घेत नाही. दाखला दाखवला की साहेबाची नजर बदलते, हे त्याला माहीत आहे. इथे एकीकडे जातीचा कागद मिळावा म्हणून माणसं उपोषणाला बसलीत आणि तिथे एक पोरगा तोच कागद खिशातून बाहेर काढत नाही. कागद एकच, वजन वेगळं. कुणबी दाखला मिळालेल्याला उद्यापासून कुणी वेगळ्या कपात चहा देणार नाही. चंदनच्या आईला शाळेत पोषण आहार शिजवायचं काम मिळतं, तर पालक म्हणतात, हिच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत. जातीमुळे आरक्षण लागतं आणि आरक्षणामुळे जात कळते, या कात्रीत फक्त आपण सापडतो.

आपल्यातली काही पोरं अभिमानानं सांगतात, 'मी ओपनमधून लागलो.' लागलास, अभिनंदन. पण ओपनमधून फॉर्म भरताना पोटात नेमकं काय होतं, गुणांचा विश्वास की ओळखीची भीती, हे ज्याचं त्यानं एकदा बघावं. नीरज घायवान यांनी स्वतःची दलित ओळख बरीच वर्षं लपवल्याचं जाहीरपणे सांगितलंय. म्हणून तो फॉर्मचा प्रसंग ऐकीव वाटत नाही.

आपला तर आणखी एक गुंता आहेच. धम्म घेतला १९५६ ला, बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या १९९० ला. घरात बौद्ध आणि टीसीवर 'हिंदू महार' अशी किती घरं या तालुक्यात निघतील, मोजा.

'होमबाउंड'चा शेवटचा भाग लॉकडाऊनचा आहे. सुरतेहून गावाकडे निघालेले दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान. इथे मला सिनेमा थांबवावा लागला. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते आपल्या जालन्यातल्या स्टील कारखान्यातून निघाले होते, मध्य प्रदेशातल्या घरी जायला. रुळावर विखुरलेल्या भाकरींचा फोटो सगळ्यांनी पाहिला. पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं वाचलेल्यांनी तेव्हा सांगितलं. तिथेही कागदच. तिकडच्या एका बातमीवर सिनेमा झाला, ऑस्करसाठी भारताकडून गेला. जालन्यातून निघालेल्या त्या सोळांची नावं आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत?

सिनेमाबद्दल एक तक्रार आहे. सुधा नावाची मुलगी त्यात आहे, शिकणारी, बाबासाहेब मानणारी, चंदनला 'आधी पदवी घे' म्हणणारी. तिला दिग्दर्शकानं फार थोडक्यात उरकलं. चंदनची बहीण म्हणते की घरात निवड करायची संधी फक्त तुला मिळाली. ते वाक्य आपल्या घराघरात लावण्यासारखं आहे. मला सुधावर आणि त्या बहिणीवर सिनेमा बघायचाय. आपली मैत्री, आपले हुंदके, आपलं मरण हे सवर्ण प्रेक्षकाला पचतं. आपली शिकलेली मुलगी पचते का ते बघू.

'धडक २' मारी सेल्वराजच्या 'परियेरुम पेरुमाळ'वरून घेतलाय. मूळ तमिळ सिनेमा आधी बघा, त्याच्या शेवटी टेबलावर नुसते दोन चहाचे ग्लास आहेत आणि ते बरंच काही बोलतात. हिंदीवाल्यांना ग्लासावर विश्वास नाही, त्यांना पार्श्वसंगीत लागतं. तरी २०१८ च्या 'धडक'पेक्षा हा शंभर पट प्रामाणिक. त्या पहिल्या 'धडक'नं 'सैराट'मधली जातच पुसून टाकली होती. इथला नीलेश लॉ कॉलेजात राखीव जागेवर येतो आणि आडनाव सांगायला कचरतो. त्यातला शेखर हा विद्यार्थी नेता बघताना रोहित वेमुला आठवल्याशिवाय राहत नाही. रोहित गेल्यावर काय झालं? त्याच्या दाखल्याचीच चौकशी. मे २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांच्या अहवालानं तो दलित नव्हताच असं म्हटलं, मग ओरड झाल्यावर पुन्हा तपासाचं आश्वासन. जिवंतपणी दाखल्यावरून टोमणे आणि मेल्यावर दाखलाच खोटा.

'झुंड'मध्ये सगळे बच्चनच्या आणि जयंतीच्या डीजेच्या गप्पा मारतात. मला दुसऱ्यांदा बघताना रिंकू राजगुरूचा भाग जास्त लागला. मुलीला परदेशी खेळायला जायचंय, पासपोर्ट हवाय, आणि तिचा बाप ओळखीच्या पुराव्यासाठी या दारातून त्या दारात. 'तू कोण आहेस' हे सिद्ध करायला एका आदिवासी बापाला इतकं फिरावं लागतं. डीजेची रील व्हायरल झाली, बापाची नाही. इथे आपल्यालाही बोललं पाहिजे. फ्रेममध्ये बाबासाहेबांचा फोटो दिसला की आपण स्क्रीनशॉट काढतो, 'जय भीम' लिहितो आणि सिनेमा आपला म्हणून मोकळे होतो. 'फँड्री'त शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा आहेत आणि त्याच भिंतीसमोरून जब्याचं घर डुक्कर बांधून नेतं. तो फोटो टाळ्यांसाठी नाही, आपल्याला लाज वाटावी म्हणून आहे.

राहिला 'फुले'. सिनेमा म्हणून साधा, थोडा पाठ्यपुस्तकी. ११ एप्रिल २०२५ ला येणार होता, ब्राह्मण संघटनांची हरकत आली आणि २५ एप्रिलला आला. सेन्सॉर बोर्डानं 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला सांगितले. 'धडक २'मध्येही सोळा बदल. गंमत बघा, आमच्या तालुक्यात लाउडस्पीकरवर जातीची नावं घेऊन सभा होतात, निवडणुकीत यादी जातवार निघते, सोयरीक जात विचारून ठरते. तिथे कुणाच्या भावना दुखावत नाहीत. फुल्यांच्या तोंडी तो शब्द आला की दुखावतात.

आणि फुल्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीनं १८५५ ला 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला, त्याचं नावच 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. चौदा वर्षांची पोरगी, इंग्रजांच्या काळात, छापील अक्षरात. आजचं बोर्ड त्या निबंधाचं शीर्षक पडद्यावर येऊ देईल का, हे त्यांनाच लेखी विचारायला हवं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी लिहायला घेतलाय. ज्यांना सोबत सही करायची असेल त्यांनी कळवा.