मुकादम म्हणजे मजूर नव्हे

सोंगणी तोंडावर आली की किन्हीराजात एकच रडगाणं, "मजूर भेटत नाही." भेटते की! आपण ठरवलेल्या भावात भेटत नाही. आणि तो भाव ठरतो तेव्हा तिथं शेतकरी असतो, मुकादम असतो, सोंगणारा नसतो.

धारणी-चिखलदऱ्याकडून कोरकूंच्या टोळ्या येतात. एकरी गुत्ता मुकादमाशी, पैसा मुकादमाच्या हाती. उचल किती दिली, किती कापली, त्यालाच ठाऊक. वर आपण म्हणतो, "टोळीला मान्य आहे." विचारलं कोणी?

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये. व्यापारी त्याखाली मागतो तेव्हा आपण रस्त्यावर उतरतो, आम्हाला विचारल्याशिवाय भाव ठरवता कसा म्हणून. रास्तच आहे. मग हेच कोरकू बाई बोलली तर ती माजली कशी?

"अडाणी लोकं, त्यायले काय बोलता येते" हे तर सांगूच नका. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला वारली गेले, त्यात माह्या धांगडा होते. २३ मे ला झरीत हजारो वारल्यांनी वेठ न करण्याची शपथ घेतली. गवतकापणीची त्यांची मागणी बघा: पाचशे रतलाला अडीच रुपये. माप ठरलेलं, दर ठरलेला. आपला गुत्ता तरी इतका सरळ असतो का? १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला, जेठ्या गांगड गेले. गोदावरी परुळेकर सोबत होत्या, पण संप टिकवला वारल्यांनी. पुढं शहाद्यात सालदार-मजुरांच्या लढ्यात पुढं उभे राहिलेले अंबरसिंग सुरतवंती स्वतः भिल्ल. तिथली श्रमिक संघटना १९७२ ची.

आज कोरकू टोळीकडून बोलणार कोण? कारखान्यातल्या युनियनला शेतमजूर दिसत नाही. शेतकरी संघटनांना तो खर्चाचा आकडा म्हणून दिसतो. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता. मेळघाटातून मालेगाव तालुक्यात येणारा त्यात बसलाच नाही. (बऱ्हाणपूरचा कोरकू हद्द ओलांडतो, धारणीचा त्याचा सोयरा नाही. घ्या!) मतदान तिकडं, घाम इकडं, म्हणून पुढारीही दोन्हीकडचा नाही.

कृषी विभाग, विद्यापीठाची मंडळी इथं वाचतात म्हणून एक विनंती. सोंगणीचा खर्च काढताना मुकादमाची दलाली वेगळ्या रकान्यात लिहा. ती मजुरीत मिसळते आणि "मजुरी परवडत नाही" अशी ओरड होते.

हार्वेस्टर आणतो म्हणणाऱ्यांनी खुशाल आणावं. परतीच्या पावसात ते वावरात रुतलं की फोन मेळघाटातच जाते.

यंदा माझ्या वावरात दर टोळीसमोर ठरेल, टोळीनं निवडलेल्या दोघांशी, त्यात एक बाई. एकराचं माप आधीच, टेप लावून, सगळ्यांदेखत. मुकादमानं बसावं, त्याची दलाली मी वेगळी देतो. गावात दर फुटेल अशी ज्यांना भीती आहे, त्यांनी त्या दिवशी बांधावर यावं.