जरीच्या भावात पैठणी नको!

दिवाळीची आवराआवर निघाली की ट्रंकेतून आजेसासूबाईंची लग्नातली पैठणी बाहेर येते. कुणीतरी म्हणतंच, "नेसतंय कोण? जुनी जर घेणाऱ्याला देऊन टाका!" मैत्रिणींनो, तो मोजतो फक्त चांदी. ती काढायला लुगडं जाळतात.

आधी ओळख तर करून घ्या. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलटसुलट जवळजवळ सारखाच दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदी, वर सोन्याचा मुलामा. त्यामुळे काळवंडली म्हणून ती खोटी ठरत नाही.

जपणंही अवघड नाही. हँगरला टांगू नका, जरीच्या वजनानं जुनं रेशीम फाटतं. प्लॅस्टिकची पिशवी नको, मऊ सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या, अत्तर जरीला लागू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी सावलीत उघडून घडी बदला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं.

आणि हो, त्या सुती कापडावर दोऱ्यानं नाव घाला: पैठणी कुणाची, लग्न कोणत्या सालचं. वंशावळीत बायकांची नावं क्वचितच सापडतात. इथे तरी असू द्या!