धोटा आणि विटाळ

यंत्र पालटले की समाजही आपोआप पालटतो, हा सिद्धान्त कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाबरोबर पुन्हा मोठ्या आवेशाने मांडला जात आहे. आम्हांस तो मान्य नाही. त्याविरुद्धचा पुरावा आमच्या गिरणगावातच आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी धावली. त्याच वर्षी कार्ल मार्क्सने भाकीत केले की, रेल्वेतून उद्भवणारा आधुनिक उद्योग जातिसंस्थेच्या बुडाशी असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढील. उद्योग आला, मुंबईत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. पण धोट्यातील कांडी बदलताना विणकरास सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एवढ्यावरून उष्ट्या धोट्याच्या विटाळाची सबब निघाली आणि अधिक मजुरीच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद झाले! लँकेशायरमध्ये हीच रीत आरोग्याचा प्रश्न ठरली. येथे ती जातीचा प्रश्न ठरली. यंत्र तेच, समाज निराळा. १९२८ च्या संपात ही बंदी उठविण्याची मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडावी लागली. मार्क्ससारख्याचा अंदाज जेथे चुकला, तेथे आजच्या भविष्यवाद्यांची काय कथा!

गटारे उपसणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत, २०१३ चा कायदाही आहे. तरीही माणसे मैलागटारांत उतरविली जातात आणि गुदमरून मरतात. ती बहुतेक कोणत्या जातींची असतात, हे आमच्या महापालिकांना ठाऊक नाही काय?