विंडोजची बंद खोली उघडूया



विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून अनेकांनी विंडोजच्या शेजारीच लिनक्स मिंट टाकलं. सुरुवातीला दोन्ही वापरलं जातं, मग हळूहळू विंडोज उघडणंच बंद होतं. तरी डिस्कवरची मोठी जागा ते अडवून बसतं आणि इकडे लिनक्समध्ये फोटो ठेवायला जागा उरत नाही. ही बंद खोली वापरात कशी आणायची, ते आज पाहू.

आधी स्वतःला विचारा, विंडोज खरंच नको आहे ना? टॅली, डिजिटल सही किंवा एखादा प्रिंटर त्यावरच चालत असेल तर थांबा.

नको असेल तर शेवटचं एकदा विंडोज उघडा आणि दोन कामं करा.

१. सगळे फोटो, कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर विसरू नका. कॉपी झालेल्या चारदोन फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

२. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. लिनक्समध्ये सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत. कप्पा ओळखायचा तो आकारावरून आणि नावावरून.

आता लिनक्समधलं ‘डिस्क्स’ हे ॲप उघडा. फोटोशी ताडून विंडोजचा मोठा एनटीएफएस कप्पा निवडा. चाकाच्या चिन्हावर क्लिक करून ‘फॉरमॅट पार्टिशन’ घ्या, प्रकार ‘ईएक्सटी४’ निवडा आणि ‘फोटो’ असं काहीतरी नाव द्या. मग त्याच चिन्हातून ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मध्ये जा, वरचं ‘डिफॉल्ट्स’चं बटण बंद करा आणि सुरू होतानाच माउंट करण्याच्या पर्यायावर खूण ठेवा. लॅपटॉप पुन्हा सुरू केलात की नवा कप्पा तयार!

त्यात फोल्डर बनवता येत नसेल तर राइट क्लिक करून तो ‘रूट’ म्हणून उघडा आणि ‘परमिशन्स’मध्ये मालक म्हणून स्वतःचं नाव निवडा.

दोन चुका मात्र टाळा.

पहिली : बहुतेक लॅपटॉपवर काही एमबींचा एक छोटा फॅट३२ कप्पा असतो. त्याला ‘ईएफआय’ म्हणतात. तो विंडोजचा वाटतो, पण लिनक्स सुरू करणाऱ्या फाइल्सही त्यातच असतात. तो पुसलात तर लॅपटॉप सुरूच होणार नाही. त्याला हात लावू नका. त्यामुळे सुरुवातीच्या यादीत विंडोजचं नाव नंतरही दिसू शकतं. ते निवडलं तर चालणार नाही, एवढंच. घाबरू नका.

दुसरी : मोकळी जागा लिनक्सच्या कप्प्याला जोडून एकच मोठा कप्पा करायचा मोह. त्यासाठी पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करावा लागतो आणि बऱ्याचदा अख्खा डेटा सरकवावा लागतो. ते काम तासन्‌तास चालतं. मध्येच वीज गेली तर दोन्हीकडचं जाऊ शकतं. भिंत पाडायची गरजच काय? वेगळी खोली म्हणून वापरा.

रस्त्यावरची पाटी आठवते ना, ‘अति घाई संकटात नेई’? फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी ती मनात वाचा. सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतं, आजीचा जुना फोटो पुन्हा काढता येत नाही.