सीमेवरील दुकानदाराचे गाडे कोठे अडते?

२०२५ सालच्या २२ सप्टेंबरपासून वातानुकूलन यंत्रे आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. फ्रिज, धुलाई यंत्रे आणि लहान टीव्ही त्यापूर्वीच, २०१८ आणि २०१९ साली, १८ टक्क्यांच्या पंक्तीत येऊन बसले होते. म्हणजे मध्यमवर्गीय घराला हवीशी वाटणारी मोठी उपकरणे बहुतेक सारी आता एकाच दराखाली आली. ग्राहकास हे सुखाचे आहे आणि त्याबद्दल कुरकूर करण्याचे कोणास कारण नाही. परंतु कर उतरला की माल खपतो हे जितके खरे, तितकाच तो कोणाच्या दुकानातून खपतो हा प्रश्नही खरा आहे. पांढुर्णा आणि सौंसर येथल्या बाजारपेठांच्या दृष्टीने तर हा दुसरा प्रश्न पोटापाण्याचा आहे.

या दोन गावांचे स्थान एकदा डोळ्यांपुढे आणावे. पांढुर्णा हे नागपूर-बैतूल रस्त्यावर आणि नागपूर-इटारसी लोहमार्गावर वसले आहे. सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातून या दोन तहसिली काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला सावनेर, नरखेड, वरूड हे महाराष्ट्राचे तालुके शिवेला शीव लावून उभे आहेत. भाषा तीच, सोयरिकी त्याच, शेतात कापूस तोच आणि बागेत संत्रेही तेच. नागपूर येथून शंभर किलोमीटरांच्या आसपास. भोपाळ अडीचशेच्या पुढे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने या सलग मुलखातून जी रेषा गेली, तिच्या राजकीय बाजूचा ऊहापोह करण्याचे हे स्थळ नव्हे. ती रेषा दुकानदाराच्या खातेवहीत काय करते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम मालाचा विचार करू. रेडिओ व्हॉल्व्हचा होता त्या काळी विकणारा आणि दुरुस्त करणारा यांचे नाते शेजारधर्माचे होते. व्हॉल्व्ह जळला तर तो काढून दुसरा बसविता येई, आणि ज्याच्या हातात झाळणीची सळई होती त्याच्या दुकानात गिऱ्हाईक वारंवार येई. पुढे सगळे मंडल एका हिरव्या पट्टीवर आले आणि त्या पट्टीचेही तुकडे पाहता पाहता एकेका चिपेत मावले. आजचा माल पेटीबंद येतो, पेटीबंद जातो आणि बिघडला तर पुष्कळदा अर्धे अंग बदलावे लागते. त्याची किंमत गिऱ्हाइकाने दुकानात पाय ठेवण्यापूर्वीच मोबाईलवर पाहिलेली असते. भाव सांगून घासाघीस करण्याची जी कला आमच्या बाजारपेठांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, तिला या मालाने जागाच ठेवलेली नाही.

तथापि याच मालाने दुसरी एक गरज निर्माण केली आहे. नव्या तऱ्हेचा, बीएलडीसी मोटरीचा छताचा पंखा घ्या. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो, हा ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास आणि वर्षाला २०० दिवस तो फिरला, तर १०८ युनिटे वाचतात. युनिटला ७ रुपये धरले तरी साडेसातशे रुपये होतात. मग विकत घेताना जे हजार-बाराशे रुपये अधिक द्यावे लागतात, ते दीड वर्षात फिटले! परंतु हे गणित पेटीवर छापलेले नसते आणि पडद्यावर सूट वाचणाऱ्या माणसाच्या ते ध्यानात येत नाही. ते सांगावे लागते. तीच गोष्ट स्मार्ट टीव्हीची. तो आता नुसता डबा राहिलेला नाही; त्याला इंटरनेट लागते, त्याच्या आत आज्ञावली असते आणि ती जुनी झाली की चांगला धडधाकट पडदा असूनही काही वाहिन्या व सेवा त्यावर चालेनाशा होतात. मोबाईलची आणखी निराळी कथा. २०२५ च्या अखेरीस जगभरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखानदारीने मेमरी चिपांवर असा डल्ला मारला की त्या महागल्या आणि स्वस्त फोनांच्या किमतींना त्याची झळ लागली. अशा वेळी कोणता फोन आज घ्यावा, कोणता वापरातला फोन बॅटरी बदलून आणखी दोन वर्षे चालवावा, हा सल्ला कापसाचा चुकारा खिशात घालून आलेल्या शेतकऱ्यास कोण देणार? तो त्याच्या बोलीत, त्याच्या घरचा विजेचा दाब आणि उन्हाळा ठाऊक असलेला माणूसच देऊ शकेल.

हे आम्ही भाबडेपणाने म्हणत नाही. बाजाराचा अनुभवच तसा आहे. २०१४ साली मोटोरोला आणि शाओमी या कंपन्यांनी आपले फोन फ्लिपकार्टवरच, म्हणजे दुकानाला पूर्ण फाटा देऊन, विकावयास आरंभ केला, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानाचे दिवस भरले असे भाकीत करणारे पुष्कळ निघाले. पुढे काय झाले? त्याच शाओमीने २०१८ च्या ऑक्टोबरात लहान गावांतून एकाच दिवशी पाचशेहून अधिक दुकाने उघडली! माणूस फोन हातात घेऊन पाहतो, कोणाला तरी विचारतो आणि बिघडल्यावर कोणाच्या तरी दारात उभा राहू इच्छितो, हे त्या कंपनीस चार वर्षांत कळून चुकले. अर्थात् मोठ्या मंचांनी दिलेल्या सवलती आणि त्यांचे काही विक्रेत्यांशी असलेले साटेलोटे यांबद्दलचा वाद संपलेला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२० च्या जानेवारीत अमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांची चौकशी फर्मावली ती दिल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरूनच, आणि त्या तक्रारीच्या मुळाशी मोबाईलचीच विक्री होती.

येथवर पांढुर्ण्याच्या दुकानदाराची स्थिती सातारच्या किंवा सागरच्या दुकानदारासारखीच आहे. त्याचे गाडे निराळ्या जागी अडते, आणि ती जागा म्हणजे शीव.

१ जुलै २०१७ पूर्वी सौंसरच्या व्यापाऱ्याने नागपूरच्या ठोक विक्रेत्याकडून माल उचलला, तर त्याला केंद्रीय विक्रीकर पडे, त्याची वजावट मिळत नसे, आणि वर मध्य प्रदेशाचा प्रवेशकर व नाक्यावरची तपासणी असे. नव्या कराने हे नाके उठविले. आज तोच व्यापारी नागपूरहून माल आणू शकतो आणि नियमित नोंदणी असली तर भरलेल्या कराची वजावटही त्याला मिळते. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे श्रेय नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल.

पण खरेदीचा दरवाजा उघडला तो विक्रीच्या बाजूने लहान दुकानदारास बंदच राहिला. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदारास कायद्याने एक सोपी वाट दिली आहे. तिला कंपोझिशन योजना म्हणतात: उलाढालीवर एक टक्का कर, तीन महिन्यांनी एक भरणा, वर्षाला एक विवरणपत्र. लहान माणसाला मुनीम परवडत नाही हे ओळखूनच ही वाट काढली गेली. परंतु तिच्या तोंडाशीच एक अट लिहिली आहे, ती अशी की या योजनेतला दुकानदार आपला माल दुसऱ्या राज्यात विकू शकत नाही. ज्याची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असून ज्याला नोंदणीच करावी लागत नाही, त्यानेही परराज्यात एक वस्तू विकली की नोंदणी सक्तीची होते. सातारच्या दुकानदारास या अटीची आठवणही होत नसेल, कारण त्याची चारही दिशांची गिऱ्हाइके त्याच्याच राज्यात राहतात. पांढुर्ण्याच्या दुकानदाराची अर्धी पंचक्रोशी मात्र परराज्यात आहे. नरखेड तालुक्यातल्या मामाने सौंसरच्या भाच्याकडून फ्रिज मागविला आणि भाच्याने तो छोट्या गाडीत घालून पोचविला, तर ती आंतरराज्य विक्री झाली. एवढेच नव्हे, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा जो पत्ता बिलावर लिहिला असेल, तोच विक्रीचे ठिकाण ठरवितो. हमीपत्रासाठी प्रामाणिकपणे नरखेडचा पत्ता लिहावा तर कायदा आडवा येतो. न लिहावा तर पुढे हमीच्या वेळी गिऱ्हाईक आडवे येते. त्याच दिवसापासून लहान दुकानदारांना ऑनलाईन मंचांवर माल विकण्याची मोकळीक मिळाली खरी. पण तीही राज्याच्या हद्दीपुरतीच.

आता याच्या शेजारी मोठ्या मंचाचे चित्र ठेवावे. त्याचा माल भिवंडीच्या गोदामातून निघो की आणखी कोठून, तो पांढुर्ण्याच्या दारी बिनदिक्कत येतो आणि नरखेडच्या दारीही तितक्याच बिनदिक्कत जातो. शेकडो कोसांवरचा व्यापारी दोन्ही गावांना माल पुरवू शकतो. शिवेवरचा दुकानदार मात्र पलीकडच्या गावाला पंखाही पोचवू शकत नाही! एक देश, एक बाजार अशी ज्याची द्वाही फिरविली गेली, त्या बाजाराचा हा कोणता न्याय?

यावर दोन उत्तरे देण्यात येतील. पहिले असे की दुकानदाराने नियमित नोंदणी घ्यावी, म्हणजे त्याला सारा देश मोकळा. हे कागदावर बरोबर आहे. पण शिवेपलीकडच्या आठ-दहा गिऱ्हाइकांसाठी साऱ्या धंद्याचा हिशेब बदलणे, जमाखर्चाला माणूस ठेवणे, विवरणपत्रांची माळ ओढणे म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग अशातली गत आहे. दुसरे उत्तर अधिक वजनाचे आहे. हा कर जेथे माल वापरला जातो त्या राज्याला मिळावयाचा असतो. कंपोझिशनचा एक टक्का मात्र केंद्र आणि विकणाऱ्याचे राज्य यांत अर्धा-अर्धा वाटला जातो. तेव्हा माल महाराष्ट्रात गेला तर महाराष्ट्राच्या हाती काय आले? हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचे निरसन अवघड नाही. लगतच्या जिल्ह्यांपुरती, घरगुती ग्राहकांपुरती आणि उलाढालीच्या ठराविक हिश्शापुरती सूट द्यावी; अशी विक्री त्याच तिमाही भरण्यात वेगळ्या रकान्यात दाखवावी आणि राज्याचा अर्धा टक्का माल पोचलेल्या राज्याच्या खात्यात जमा करावा. सारे हिशेब संगणकावर चालत असता एक रकाना वाढविणे सरकारास जड जाऊ नये. वस्तू व सेवा कर परिषदेत दोन्ही राज्यांचे मंत्री बसतात. दोघांनी मिळून हा ठराव मांडला तर त्यात कोणाचीच मानहानी नाही.

कंपन्यांनाही आमचे एक सांगणे आहे. ज्या कंपन्या वितरणाचे आणि दुरुस्तीचे विभाग राज्यांच्या नकाशावरून आखतात, त्यांनी रस्त्यांचा नकाशाही उलगडून पाहावा. नागपूरला जो कारागीर आणि जो सुटा भाग तीन तासांत मिळू शकतो, त्यासाठी पांढुर्ण्याच्या गिऱ्हाइकास इंदूर-भोपाळकडे तोंड करून बसावे लागू नये. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले. तो हक्क खरा व्हावयाचा असेल तर सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती लहान गावच्या कारागिरापर्यंत पोचली पाहिजे. आणि माहितीपत्रकात मराठीला जागा मिळाली पाहिजे, मग पेटी कोणत्याही राज्यात उघडली जावो.

शेवटी दोन शब्द आमच्या दुकानदार बंधूंस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात आणि नदीतला झेंडा कोण नेतो इकडे सर्वांचे लक्ष असते. बाजारातली गोटमार याहून वाईट आहे. दोन दुकाने एकमेकांवर सुटीचे गोटे फेकतात, दोघांचीही डोकी फुटतात आणि झेंडा तिसराच दूर बसून घेऊन जातो. किमतीच्या लढाईत मोठ्या भांडवलाशी लहान दुकान जिंकणार नाही. त्याचे बळ दुसऱ्या जागी आहे. चार-सहा दुकानांनी मिळून एक चांगला कारागीर ठेवावा, सामान्य सुट्या भागांचा सामाईक साठा करावा, बसविण्याचे काम त्याच दिवशी करून द्यावे. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या बदलून देणारा कूलरवाला आजही टिकून आहे, तो याच गुणावर. हप्त्याने माल देताना बिनव्याजी म्हणून जे सांगितले जाते त्याची किंमत कोठेतरी लावलेली असते, हे गिऱ्हाइकास स्वतः होऊन सांगावे; शून्य टक्के व्याज असे काही नसते हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. जुने टीव्ही आणि फोन भंगारात जाळले जाऊ नयेत म्हणून ते परत गोळा करण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. त्या गोळाबेरजेचे केंद्र आपले दुकान का होऊ नये?

विश्वास हा माल पेटीत भरून येत नाही. तो गावातच तयार होतो, आणि त्याचे कोठार आजही आमच्या दुकानदारांपाशी आहे. ते त्यांनी राखावे, आणि शिवेपलीकडच्या आपल्याच माणसाला पंखा पोचविण्याची मोकळीक सरकारने त्यांना द्यावी. यात भीक मागण्यासारखे काही नाही. मोठ्या मंचांना जो रस्ता खुला आहे तोच लहान दुकानाला खुला असावा, एवढीच ही मागणी आहे, आणि ती मान्य झाल्याशिवाय या मुलखातला बाजार खऱ्या अर्थाने एक झाला असे आम्ही म्हणणार नाही.