फोटो नको, तिकीट काढ!

१५ सप्टेंबर २०२३. अंधेरीत बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबलडेकर धावली. १९३७ पासून मुंबईत डबलडेकर आहेत, त्यामुळे आम्ही बसवेडे भलतेच हळवे झालो. वरची पहिली सीट, तोंडावर येणारा वारा, दोन-दोन कंडक्टर... आठवणींचा नुसता पूर!

मीही त्यातलाच. मालवणला गेलो की लाल एसटीचे फोटो काढतो, मित्रांना पाठवतो. आणि गेलो कसा? अर्थात स्वतःच्या कारने!

गेल्या मे महिन्यात स्टँडवर हाच उद्योग चालला होता. शेजारच्या काकी पिशवी सावरत गाडीत चढता चढता म्हणाल्या, "मेल्या, फोटो कित्याक काढतंस? तिकीट काढ!"

झोंबलं. पण खोटं काय त्यात? २०२१-२२ मध्ये एसटीचा संप कित्येक महिने चालला, तेव्हा तुमचं-माझं काय अडलं? काही नाही. अडलं ते काकींचं, कॉलेजच्या पोरांचं. आपल्याला वस्तीची गाडी म्हणजे बालपण. त्यांना ती म्हणजे उद्याची शाळा, परवाचा दवाखाना. मंडळी, बस प्रवाशांवर जगते, उसाशांवर नाही. रिकामी धावणारी गाडी आधी तोट्यात जाते, मग आठवणीत. आणि तेव्हा सगळ्यात मोठ्याने रडणार आपणच, जे तिच्यात कधी बसलोच नाही!

असो. यंदा चतुर्थीला मी एसटीने जाणार. तुम्ही?