‘साभार : इंटरनेट’

मराठी संपादकांनी ‘साभार परत’ या दोन शब्दांनी कित्येक लेखक-कवींची उमेद खचवली. तरी त्या शब्दांत एक सभ्यता होती. जे छापायचं नाही ते ज्याचं त्याला परत जायचं, निदान सोबत तिकीट लावलेलं पाकीट असेल तर. आता त्यातलं ‘परत’ गळून पडलं आहे आणि ‘साभार’ तेवढं उरलं आहे. दैनिकाच्या पुरवणीत, दिवाळी अंकात, पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकात, गणपतीत चौकात लागणाऱ्या फ्लेक्सवर कुणाचा तरी फोटो असतो आणि त्याखाली, फारच मेहेरबानी असेल तर, मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं : ‘साभार : इंटरनेट’.

आभार मानायचे ते ज्याने काम केलं त्याचे. इंटरनेट कोकणकड्यावर थंडीत कुडकुडत सूर्यास्ताची वाट बघत बसत नाही. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दिवे घाटात वारीच्या पावसात उभं राहत नाही. लेन्सचे हप्ते फेडत नाही. ‘साभार : इंटरनेट’ याचा सरळ अर्थ इतकाच की, हा फोटो कुणाचा आहे हे आम्हाला ठाऊक नाही, शोधायची आम्हाला गरज वाटली नाही आणि याचे पैसे आम्ही कुणालाही दिलेले नाहीत. एरवी हा कबुलीजबाब ठरला असता. आपल्याकडे तो सौजन्य म्हणून छापला जातो.

या चोरीबद्दल तक्रार केली की चर्चा लगेच कुलपांकडे वळते. वॉटरमार्क टाकायचा ना. लहान आकारात टाकायचा. राइट-क्लिक बंद करायचं. हे सल्ले देणारे बहुतेक जण भले असतात, पण सल्ल्याचा रोख बघा. ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच दाराची जाडी विचारली जाते आणि माल घेऊन बसलेला माणूस शेजारी चहा पीत असतो.

बरं, ही कुलपं तरी कितपत चालतात? कोपऱ्यातलं नाव मोबाइलवर बोट फिरवून कापता येतं. नाव मधोमध आणि मोठं टाकलं तर फोटो वाचतो, पण बघण्यासारखा राहत नाही. शिवाय 2017 मध्ये गूगलच्याच संशोधकांनी दाखवून दिलं की, एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर असेल तर संगणक त्याचा साचा ओळखून तो आपोआप पुसू शकतो. गेटी इमेजेसने 2023 मध्ये स्टॅबिलिटी एआय या कंपनीला न्यायालयात खेचलं, तेव्हा पुराव्यात यंत्राने तयार केलेली अशी चित्रं होती की ज्यांच्यावर गेटीच्या वॉटरमार्कची वेडीवाकडी नक्कल उमटली होती. माल उचलताना यंत्राने पाटीही उचलली होती. राइट-क्लिक बंद करणं तर स्क्रीनशॉटच्या जमान्यात दाराला रांगोळी घालण्याइतकंच परिणामकारक आहे.

आकाराचंही तसंच. 1200 पिक्सेल रुंदीचा फोटो छपाईच्या 300 डीपीआयच्या हिशेबाने दहा सेंटिमीटर रुंद छापता येतो. वर्तमानपत्राच्या दोन कॉलमांना तो पुरतो आणि पडद्यावर तर पुरून उरतो. फ्लेक्स लांबून बघायचा असल्यामुळे फ्लेक्सवाला त्याच फोटोतून दहा फुटी बोर्डही काढतो. फाइलच्या पोटात नाव, तारीख, संपर्क लिहून ठेवायची सोय असते, ती अवश्य वापरावी. पण व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती गळून पडते आणि फोटो अनाथ होऊन पुढे फिरू लागतो.

म्हणजे फोटो चोरीला जाऊ नये याचा खात्रीचा उपाय एकच उरतो : तो कुणाला दाखवूच नये. अनेक जण आता तेच करू लागले आहेत. गावोगावच्या जत्रा, दशावताराच्या रात्री, बंद पडलेल्या गिरण्या, धनगरांचे वाडे असे वर्षानुवर्षांचे फोटो हार्ड डिस्कमध्ये पडून राहतात, कारण टाकले की उद्या कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरवर दिसतील. हे नुकसान फोटोग्राफरच्या खिशापुरतं नाही. ते बघणाऱ्यांचंही आहे.

आणि बघणाऱ्यांचं नुकसान आणखी एका बाजूने होतं. फोटोखालचं नाव हा फोटोचा पत्ता असतो. हा फोटो कुठला, कधीचा, यातली बाई कोण, ती रडते आहे की डोळ्यांत धूर गेला आहे, हे विचारायला जाण्याचं ते ठिकाण. पूर आला, दंगल झाली, मोर्चा निघाला की जुने किंवा परगावचे फोटो नव्या ओळी लावून फिरतात. ते फिरू शकतात, कारण त्यांचं नाव आधीच कुणीतरी काढून टाकलेलं असतं. खोटी ओळ लावणारा पुढे येतो. त्याच्यासाठी रस्ता झाडून ठेवण्याचं काम ‘साभार : इंटरनेट’वाल्याने केलेलं असतं.

हैतीचे फोटोग्राफर डॅनिएल मोरेल यांच्या प्रकरणात हे सगळं एका जागी दिसतं. 12 जानेवारी 2010 रोजी भूकंपाने पोर्ट-ओ-प्रिन्स शहर उद्ध्वस्त झालं तेव्हा मोरेल तिथेच होते. त्याच दिवशी त्यांनी ट्विटरवर खातं उघडलं आणि ट्विटपिकवरून भूकंपाचे फोटो जगापुढे ठेवले. थोड्याच वेळात दुसऱ्या एका माणसाने ते स्वतःचे म्हणून आपल्या खात्यावर टाकले. एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने फोटो घेतले, गेटीमार्फत ते जगभर गेले आणि सुरुवातीला श्रेय मिळालं त्या दुसऱ्या माणसाला. म्हणजे जगाच्या एवढ्या मोठ्या वृत्तसंस्थेला आपला साक्षीदार कोण आहे हेही माहीत नव्हतं. मोरेल यांनी हक्क सांगितल्यावर एएफपीनेच त्यांच्याविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. त्यांचं म्हणणं, ट्विटरच्या अटींनुसार तिथे टाकलेले फोटो वापरायची मुभा आम्हाला मिळते. जानेवारी 2013 मध्ये न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने एएफपी व गेटी यांनी जाणूनबुजून हक्कभंग केल्याचं ठरवून मोरेल यांना 12 लाख डॉलर द्यायला लावले. ‘वॉटरमार्क का नव्हता?’ हा प्रश्न त्या निकालात निर्णायक ठरला नाही. निर्णायक ठरलं ते घेणाऱ्याचं वागणं.

आपल्याकडचा कायदाही काही बोळ्याने दूध पीत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृती आहे. हक्क फोटो काढल्याक्षणी निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. 2012च्या दुरुस्तीनंतर हा हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. कलम 57 प्रमाणे हक्क विकून टाकले तरी ‘हे काम माझं आहे’ असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. आणि 2012 मध्येच आलेल्या कलम 65 ब नुसार कर्त्याचं नाव जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा फोटोचा कोपरा कापून नाव उडवणाऱ्या डिझायनरने हे कलम एकदा छापून टेबलासमोर चिकटवावं. कलम 62 प्रमाणे फोटोग्राफर राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा लावता येतो. चोर दिल्लीत असला म्हणून साताऱ्याच्या माणसाने दिल्ली गाठायला नको.

इतका कायदा असून चोरी का थांबत नाही? कारण पाचशे-हजार रुपयांच्या फोटोसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, हा हिशेब घेणाऱ्याला पक्का ठाऊक असतो. त्यामुळे फोन केला की ठरलेली उत्तरं येतात. ‘सर, नेटवर होता.’ रस्त्यावर लावलेली मोटारसायकलही रस्त्यावरच असते. ‘साहेब, चुकून झालं, डिझायनर नवीन आहे.’ हा डिझायनर गेली वीस वर्षं नवीन आहे. आणि सगळ्यांत लाडकं उत्तर : ‘अहो, तुमचीच प्रसिद्धी झाली की!’ नाव न छापता झालेली प्रसिद्धी म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेलं पत्र. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे मुंबईतले फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापून आले. एका बाईचं नाव तेव्हा फोटोखाली चालत नव्हतं. आज कुणाचंच नाव चालत नाही, इतकीच काय ती समानता आपण आणली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, तो टाळता येणार नाही. फोटो फिरला पाहिजे. हक्काचा बागुलबुवा उभा केला तर विचारही अडतील, चळवळीही अडतील. मान्य. चे गव्हेराचा जगप्रसिद्ध फोटो आल्बेर्तो कोर्दा यांनी 5 मार्च 1960 रोजी हवानात काढला. तो टी-शर्टांपासून भिंतींपर्यंत जगभर पसरला, कोर्दांना त्याचं मानधन मिळालं नाही आणि चेच्या विचारांसाठी तो वापरणाऱ्यांवर त्यांचा रागही नव्हता. पण 2000 साली तो वोडकाच्या जाहिरातीत दिसला तेव्हा ते ब्रिटनमध्ये न्यायालयात गेले आणि तडजोडीत मिळालेले पैसे त्यांनी क्युबाच्या आरोग्यसेवेला दिले. फुकट द्यायचा हक्क हासुद्धा हक्कच आहे. दान देणाऱ्याने द्यायचं असतं. घेणाऱ्याने परस्पर उचलून वर ‘दानशूर आहात’ म्हणायचं नसतं.

हाच न्याय फोटोग्राफरांनाही लागतो. पैसे घेऊन लग्नाचे फोटो काढले आणि वेगळा करार नसेल, तर कलम 17 प्रमाणे त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. तरी नवरीचे फोटो तिला न विचारता स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर आणि दुकानाच्या काचेवर झळकतात. विचारून घ्या, हा आग्रह दोन्ही बाजूंनी धरावा लागेल.

मग करायचं काय? फोटोग्राफरने फोटो लपवू नयेत. मूळ रॉ फाइल जपून ठेवावी, कारण मालकीचा तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. ज्या फोटोंना बाजारात मागणी आहे त्यांची 500 रुपये भरून नोंदणी करावी. अधूनमधून गूगल लेन्स किंवा टिनआयवर आपला फोटो शोधावा. सापडला तर तारीख आणि पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, अंकात असेल तर अंक विकत घ्यावा. आणि मग विनवणीचा मेसेज न पाठवता बिल पाठवावं. ‘माझं नाव तरी द्यायचं होतं’ हे वाक्य मराठी फोटोग्राफरांनी आता विसरावं. नाव ही भीक नव्हे आणि नाव दिल्याने पैसे फिटत नाहीत. एकट्याच्या बिलाला केराची टोपली मिळते, म्हणून जिल्ह्या-जिल्ह्यातल्या फोटोग्राफर संघटनांनी स्पर्धा आणि सहलींबरोबर हेही काम अंगावर घ्यावं : एक ठरलेला दर, एक वकील, एक नोटीस.

पण खरी जबाबदारी वापरणाऱ्याची आहे. दिवाळी अंकाचा संपादक कागदाचे पैसे देतो, छपाईचे देतो, टपालाचे देतो, लेखकाला निदान मानधनाचं आश्वासन तरी देतो. फोटोच्या रकान्यात मात्र शून्य असतं आणि अंदाजपत्रक करतानाच ते शून्य धरलेलं असतं. याला चूक कसं म्हणायचं? खरोखरच पैसे नसतील तर विकिमीडिया कॉमन्सवर कोट्यवधी फाइली आहेत. त्यांतल्या बहुतेक फोटोंना पैसे मागितले जात नाहीत. फोटोग्राफरचं नाव आणि परवान्याचा उल्लेख तेवढा मागितला जातो. तिथूनही फोटो घेऊन खाली ‘सौजन्य : विकिपीडिया’ छापणारे आहेत. ज्यांना फुकटाची किंमतसुद्धा द्यायची नाही, त्यांच्यापुढे गरिबीची सबब टिकत नाही.

आणि वाचकहो, तुमच्याही हातात काही आहे. पुढच्या वेळी ‘साभार : इंटरनेट’ दिसलं की संपादकांना एका ओळीचं पत्र पाठवा : हा फोटो कुणाचा? बस्स, एवढंच. उत्तर देता आलं नाही, तर फोटोसोबतच्या बातमीवर किती विश्वास ठेवायचा हेही त्याच वेळी ठरवून टाका.